शंभराला चार कमी

त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं ते माझं वय. नाव नंतर विचारलं, तेही मी दुकानातून निघताना.

"तेवीस," मी म्हटलं.

"म्हंजी सत्त्याहत्तर बाकी," ते म्हणाले आणि हातातल्या अडकित्त्याकडं वळले.

मी तेव्हा गटाराच्या पाण्याविरुद्धच्या निवेदनावर सह्या गोळा करत सांगलीत दारोदार फिरत होते. मजकूर काय आहे हे त्यांनी विचारलंच नाही. कागद अंगठ्यानं चोळून पाहिला, उजेडासमोर धरला, "नवा हाय, पर बरा हाय" असं म्हणाले आणि उर्दूत सही करून खाली तारीख घातली. तारखेशिवाय सही म्हणजे आंधळ्याची काठी चोरणं, असं त्यांचं म्हणणं. त्याचा अर्थ मला आजही नीट लागलेला नाही, पण त्या दिवसापासून मीही तारीख घालते.

सगळी ओळ त्यांना चाचा म्हणायची. मीही चाचाच म्हणत आले. त्यांचं नाव इथं लिहीत नाही, कारण ते ऐकलं की अजून थुंकणारी माणसं सांगलीत आहेत. चाचा जाऊन सहा महिने झाले तरी.

ओळ म्हणजे जुन्या बाजाराच्या अंगाला असलेली अकरा दुकानं. एका छपराखाली, एका भिंतीला भिंत लावून. पाडलेल्या घरांचे दरवाजे, पितळी समया, चावीची घड्याळं, मुके रेडिओ, कुणाच्या तरी आजीचे पानाचे डबे. गिऱ्हाईक पुण्याचं, गोव्याचं आणि महामार्गावर ज्यांनी नवीन हॉटेलं बांधलीत त्यांचं. या हॉटेलवाल्यांना स्वतःच्या गावातलं जुनं घर पाडायला काही वाटत नाही. मग भिंतीवर टांगायला दुसऱ्या गावातला जुना नांगर लागतो. मी हे त्यांच्या तोंडावरही बोलले आहे.

चाचांचं दुकान ओळीत मधोमध. उंच, वाळके, गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेलं भिंग. वस्तू हातात आली की आधी उलटी करायचे. "वरनं समदीच नटत्यात. बुडाला इचारायचं." भांड्याचा जोड बघायचे, स्क्रूची खाच मधोमध आहे की हातानं घासून थोडी सरकलीय ते बघायचे, दाराच्या बिजागरीत नख घालायचे. आणि पितळ असेल तर गिऱ्हाइकासमोर बेधडक जीभ लावायचे. पुण्याच्या एका बाई तेव्हा ओरडल्याच. चाचांनी शांतपणे तोंड पुसलं. "तुमी भाजी चाखून घेता का न्हाई, बाई?"

मग निकाल. पन्नासच्या आत असेल तर "वापरल्यालं". पन्नास ते शंभर, "जुनं". शंभर पुरी झाली तरच तो शब्द, तोही एकदाच आणि हळू आवाजात, अँटिक. नव्व्याण्णवला नाही. साडेनव्व्याण्णवलाही नाही. कायद्यात शंभर वर्षं आहेत, हे त्यांना कधीतरी कुणीतरी सांगितलं होतं. कायद्याचं बाकी एक अक्षर त्यांना ठाऊक नव्हतं आणि तेवढं एक त्यांनी आयुष्यभर कुराणासारखं पाळलं.

दुकानात एक फळी होती. तिच्यावर नव्वद पार केलेल्या वस्तू. प्रत्येकीच्या बुडाला खडूनं आकडा: सात, तीन, पाच. शंभराला किती कमी, तो. नवीन साल लागलं की सकाळी दुकान झाडायच्या आधी सगळे आकडे पुसून एकेक कमी करायचे. या फळीवरचं काही विकायचं नाही. एकदा एक माणूस एका कंदिलासाठी अडून बसला. बुडाला दोन लिहिलेलं.

"चाचा, असाच द्या की. मी कुठं सर्टिफिकेट मागतोय?"

"दोन वरसांनी या."

"दोन वर्षांनी मी असेन का नसेन!"

"कंदील आसंल," चाचा म्हणाले.

लोक हसायचे. मीही हसायचे. पण एकदा ओळीतल्या कापडवाल्याचे अठ्ठ्याण्णव वर्षांचे वडील वारले, तेव्हा चाचा तिरडीजवळ उभे राहून मुलांना म्हणाले, "दोनच ऱ्हायली हुती रं. थोडी कळ काढाय पायजे हुती." थोरल्या मुलानं त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. चाचांना कळलंच नाही आपलं काय चुकलं. त्यांनी तर मोठ्यातला मोठा मान दिला होता.

त्यांच्या या खुळाच्या तळाशी काय आहे ते मला एकदाच कळलं, साताऱ्याला. माझी तिथं एक बैठक होती, त्यांना जवळच्या गावात एक पेटी बघायची होती. एसटीनं बरोबर गेलो. घर फौजेतल्या लोकांचं, तीन पिढ्यांचे फोटो गणवेशात. पेटी काही जमली नाही. पण उठताना घरातल्या म्हाताऱ्या वहिनींनी कौतुकानं एक दुर्बीण आणली. आजेसासऱ्यांनी पहिल्या महायुद्धातून आणलेली. विकायची नव्हतीच. फक्त दाखवायला.

चाचांनी ती उलटी केली, भिंग लावलं आणि म्हणाले, "ही दुसऱ्या लढाईतली हाय, वैनी."

"आवं काय बोलताय! चार पिढ्या सांगत आल्यात. म्हंजी आमी खोटं बोलतोय व्हय?"

"खोटं न्हाई. धाकटं हाय. दुसऱ्या लढाईला तुमच्या घरातलं कोण गेल्तं?"

"सासरं. पर ते कवा काय बोललंच न्हाईत."

"मग ही त्येंची."

वहिनींनी दुर्बीण त्यांच्या हातातून जवळजवळ ओढून घेतली, पदरानं पुसली आणि आत गेल्या. पाणीसुद्धा विचारलं नाही. थांब्यावर मी त्यांच्यावर तडकले. काय गरज होती? घेणं नाही, देणं नाही, एका म्हातारीचा अभिमान उगाच खरवडून काढला.

 चाचा रस्त्याकडं बघत म्हणाले, "लढाई केली सासऱ्यानं. नाव लागलंय आज्याचं. त्यो माणूस गप ऱ्हायला म्हणून त्येचं काय न्हाईच व्हय गं?"

मी पिशवीतली पाण्याची बाटली काढून त्यांच्या हातात दिली. 

आता ओळीचं सांगते. ते सांगायलाच हे लिहायला घेतलंय, बाकीचं हात सरावायला होतं.

एका सकाळी अकराही दारांवर महापालिकेच्या नोटिसा चिकटल्या. ओळ पाडणार. खाली पार्किंग, वर गाळे. गाळे कुणाला मिळणार, हे लहान पोरालाही कळत होतं. या दुकानदारांना तरी नक्कीच नाही. पण मध्ये एक पायरी होती. एक पाहणी समिती येणार, बांधकाम जपण्यासारखं आहे का ते बघणार आणि मग शिफारस करणार. आमच्या निवेदनवाल्या गटातल्या एकानं कुठून तरी ऐकून आणलं की, शंभर वर्षं पुरी झालेलं बांधकाम असेल तर हात लावत नाहीत. झालं. त्या दुपारीच मी पत्रक लिहिलं. वर ठळक अक्षरांत: शंभर वर्षांचा बाजार वाचवा!

ओळ जपावी असा समितीकडं अर्जही मीच केला. अर्जदार म्हणून नाव माझं, सही माझी. खाली तारीख.

चाचांनी पत्रक हातात घेतलं. सरकारी मराठी त्यांना धड वाचता येत नसे, शाळा उर्दू चौथीपर्यंत. पण आकडा कुठल्याही लिपीतला असो, लगेच ओळखायचे.

"हे शंबर कुणी लिवलं?"

"मी."

"ये वर."

शिडीनं त्यांनी मला माळ्यावर नेलं. सगळ्या ओळीत दुरुस्त्या होऊन जुन्या तुळया गेल्या होत्या, फक्त चाचांच्या दुकानात एक मूळची राहिली होती. बॅटरीच्या उजेडात तिच्या पोटाला सुतारानं पटाशीनं खोदलेलं साल दिसलं. मी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. शहाण्णव.

"शहाण्णव ल्ही," चाचा म्हणाले.

"चाचा, शहाण्णव वर्षांसाठी रस्त्यावर कोण येतं?"

"का? शहाण्णव थोडी हायती व्हय?"

"थोडी नाहीत. पण पत्रकात बसत नाहीत."

त्यांनी बॅटरी विझवली. अंधारात त्यांचा आवाज आला, "मग वरची चार कुटनं आननार हैस?"

 ती चार ओळीच्या टोकाच्या पितळवाल्याकडं होती. त्याचं नाव सर्जेराव समजा. हातात जादू असलेला माणूस. चिंच, मीठ, तुरटी, ओलं शेण. नवीकोरी समई पुरायचा आणि पणजीची समई उकरून काढायचा. मी त्याला एवढंच म्हटलं होतं की, भिंतीवर काहीतरी पुरावा असता तर बरं झालं असतं. तो हसला. "ताई, चार वरसं म्हंजी काय गोष्ट हाय! मी पंधरा दिसात दोनशे काढतो."

पंधरा दिवसांनी ओळीच्या कमानीवर, पाखरांच्या शिटांमागं एक पितळी पाटी "सापडली". तिच्यावर बांधणीचं साल, शंभराच्या चांगलं पलीकडचं. मी शिडीवर चढून फोटो काढला तेव्हा पाटीला चिंचेचा वास येत होता. मी काही विचारलं नाही. फोटो सगळीकडं पाठवला. आमच्यापुढं बुलडोझर घेऊन उभे असलेले लोक रोज हजार लबाड्या करत होते. त्यात आमची एक पाटी. असं मी स्वतःला सांगितलं, आणि मला ते पटलं. फार लवकर पटलं.

समिती आली. एक मॅडम, दोन साहेब. मी भाषण केलं, चांगलं केलं. शेवटी हात वर करून पाटी दाखवली. तेव्हा त्यातले एक साहेब, जे कधीकाळी ओळीतून एक घड्याळ घेऊन गेले होते, ते म्हणाले, "इथले चाचा आहेत ना? त्यांना बघू द्या. ते म्हणतील ते मान्य."

ओळीचा रिवाजच तो होता. कुठल्याही दुकानातली मोठी वस्तू असो, गिऱ्हाईक अडलं की ती चाचांपुढं जायची. त्यांनी वय सांगितलं की वाद मिटला. सर्जेरावसुद्धा आपला खोटा माल त्यांच्यापुढं कधी नेत नसे, एवढा त्याला धाक होता. पण त्या दिवशी सगळे निर्धास्त होते. चाचांचं दुकानही ओळीतच की. ते कसे काही बोलतील?

चाचांनी स्टूल मागितलं. चढले. अंगठा एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत अक्षरांवरून फिरवला. मग जीभ लावली.

"चाचा, ऊन लय हाय, उतरा आता," सर्जेराव खालून म्हणाला.

चाचा उतरले नाहीत. मॅडमना म्हणाले, "हातानं खोदनारा मानूस दमतो, बाई. पयलं अक्षार खोल जातं, शेवटचं उथळ. ह्या पाटीवरचा मानूस दमल्यालाच न्हाई. कुपवाडच्या कारखान्यात मशिनीवर कापलीय. पंधरा दिसांची आसंल."

 मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी पाटीकडं बघत राहिले.

"आणि इमारत?" मॅडमनी विचारलं.

"ती खरी हाय! या, दावतो की." चाचा टुणकन उतरले. तिघांना घेऊन आपल्या दुकानात गेले, माळ्यावर चढवलं, तुळई दाखवली. बाहेर आम्हाला त्यांचा आवाज ऐकू येत होता. पोराचे मार्क सांगावेत तसा. "शहाण्णव! एक वरीस कमी न्हाई, जास्त न्हाई. सुताराचा हात बगा." त्यांना वाटत होतं, आपण ओळीची बाजू मांडतोय. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

पंधरवड्यात महापालिकेच्या फळ्यावर दोन शब्दांचा निकाल लागला. अर्ज नामंजूर.

त्यानंतर ओळीनं त्यांच्याशी जे केलं ते मी बघितलं आहे. चहावाला त्यांच्या दुकानासमोरून किटली घेऊन सरळ पुढं जायचा. शेजारच्यांनी मधल्या भिंतीवरच्या खिडकीला फळी ठोकली. गिऱ्हाईक त्यांच्या दुकानाचा पत्ता विचारायला लागलं तर "बंद झालं" सांगायचे. ते आत बसलेले असायचे. आणि मी? मी बाकीच्या दहा दुकानदारांसमोर त्यांना म्हटलं, "चाचा, तुमच्या जिभेनं अकरा घरं बुडाली." तेवढ्यानं भागलं नाही म्हणून एक पत्रक काढलं. मथळा होता: घरभेदी. नाव घातलं नव्हतं. घालायची गरज नव्हती.

ते पत्रक त्यांनी कुणाकडून तरी वाचून घेतलं, असं मला नंतर समजलं. वाचून झाल्यावर एवढंच विचारलं म्हणे, "तारीक घातलीय का?"

ओळ दोन दिवसांत गेली. चाचा समोरच्या कट्ट्यावर बसून बघत होते. त्यांचा माल तीन टेम्पोत मावला. ती तुळई सर्जेरावनं उचलली आणि साताऱ्याकडच्या एका हॉटेलला दीडशे वर्षांचं सागवान म्हणून दिली. सर्जेरावला नवीन गाळाही मिळाला. कसा ते विचारू नका; मी विचारलं आहे, उत्तर मिळालेलं नाही.

चाचा कुंडलला लेकीकडं राहायला गेले.

समितीचं सविस्तर पत्र नंतर टपालानं आलं, अर्जदाराच्या पत्त्यावर. म्हणजे माझ्या. दोन पानं. पहिल्या पानावर नोटीस, तपशील, पाहणीची हकीकत, नियमातली शंभर वर्षांची अट. दुसऱ्या पानावर निष्कर्ष. तो मी इथं शब्दाला शब्द उतरवते. आजवर कुणालाही दाखवला नाही.

"सदर इमारतीचे वय शहाण्णव वर्षे असल्याचे तुळईवरील कोरीव सालावरून सिद्ध होते. चार वर्षांची उणीव शिफारशीस बाधक ठरली नसती. इमारत स्थानिक महत्त्वाची म्हणून जतन करता आली असती. तथापि अर्जदारांनी बनावट पाटी पुरावा म्हणून सादर केल्याने संपूर्ण अर्ज अविश्वसनीय ठरतो. सबब अर्ज नामंजूर."

शहाण्णव पुरत होते. चाचा म्हणाले तेवढेच लिहिले असते तर ओळ आज उभी असती. ती बुडवली पाटीनं, आणि पाटी लावणाऱ्यांच्या अर्जावर सही माझी.

पुढच्या महिन्यात चाचांच्या लेकीचा फोन आला. अब्बा विचारतायत, निकालाचा कागद आला असेल तर येऊन वाचून दाखवशील का? मी गेले. उसाच्या मधून रस्ता, पत्र्याचं घर, पुढं पडवी. चाचा खाटेवर बसले होते. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत उतरलेला. भिंग गळ्यात नव्हतं. माल कुठं आहे म्हणून विचारलं तर लेक म्हणाली, भंगारवाल्याला दिला, ठेवायला जागा न्हाई.

"आलीस व्हय," चाचा म्हणाले. "वाच."

मी पहिलं पान वाचलं. हळू, सगळं. ते मान खाली घालून ऐकत होते. शंभर वर्षांच्या अटीशी पोचले तेव्हा त्यांनी हात वर केला.

"म्हंजी चार वरसांवरनंच गेलं न्हवं?"

दुसरं पान माझ्या मांडीवर होतं. मला आठवतंय, वाऱ्यानं त्याचा कोपरा हलत होता आणि मी त्यावर हात ठेवला.

"हो, चाचा."

"बाकी काय लिवलंय?"

"एवढंच आहे."

 चाचांनी माझ्याकडं तोंड केलं, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडं कुठं तरी. "म्या उभ्या जन्मात कुनाला एक वरीस वाढवून दिलं न्हाई. भावाच्या मालाला न्हाई, जावयाच्या मालाला न्हाई. हितं बसून रोज इचार करतोय. त्या दिशी चार वरसं दिली आसती, पाटी खरी हाय म्हनालो आसतो, तर वाचली आसती का गं ओळ?"

मी खरं बोलू शकले असते. एक पान वाचायचं होतं. पाच वाक्यं.

"वाचली असती," मी म्हटलं.

चाचांनी मान हलवली. दोनदा.

"मग चुकलंच की माझं," ते म्हणाले. लेकीला हाक मारली आणि माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला.

मी दुसऱ्या पानाची घडी घालून ते पिशवीत ठेवलं आणि चहा येईपर्यंत तिथंच बसून राहिले.